जुन्या गेमचा नायक नव्याने घडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारचे लोक विचारतात. एक, गेमसाठी पात्रं रेखाटायला शिकणारी मुलं. दुसरे माझ्या वयाचे, ज्यांनी नव्वदीच्या दशकात कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांची पाठ वळली की ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप करून गेम चालू केला होता. मुलांना नवं काहीतरी करून दाखवायचं असतं आणि मोठ्यांना जुन्याला बोट लावलेलं खपत नाही. दोघांनाही मी उत्तरं तीच देतो. उदाहरणांत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ पुन्हापुन्हा येईल. एक तर तो मला सगळ्यांत जवळचा, आणि दुसरं म्हणजे त्याच्या एका रिमेकचं काम पुण्या-मुंबईत चाललं होतं.

रीमास्टर, रिमेक, रीबूट हे सगळं एकच ना?

नाही. रीमास्टर म्हणजे त्याच घराला नवा रंग. रिमेक म्हणजे जुन्या नकाशावर नवं बांधकाम. रीबूट म्हणजे दारावरची पाटी तेवढी ठेवून बाकी सगळं पायापासून. एकट्या ‘टूम रेडर’मध्ये तिन्ही सापडतात: २०२४ मध्ये पहिल्या तीन गेमचा रीमास्टर आला, २००७ चा ‘अॅनिव्हर्सरी’ हा पहिल्या गेमचा रिमेक, आणि २०१३ चा गेम रीबूट. पात्राचं रूप जपण्याचा प्रश्न रीबूटमध्ये सगळ्यांत जास्त पेटतो, कारण तिथे बदलायची परवानगी आधीच घेतलेली असते.

तंत्रज्ञान सुधारलं, मग चेहराही सुधारला तर बिघडलं कुठे?

बिघडत नाही. पण तो चेहरा मुळात तसा का झाला, हे आधी शोधावं लागतं. जुन्या गेममधल्या फार थोड्या गोष्टी निव्वळ हौसेने काढलेल्या असतात.

१९८१ साली ‘डाँकी काँग’ या गेमसाठी डिझायनर शिगेरू मियामोतोंना एक माणूस काढायचा होता आणि जागा होती सोळा बाय सोळा चौकोनांची. त्यात तोंड काढलं तर नुसता डाग दिसणार, म्हणून मोठं नाक आणि खाली मिशी. केस काढणं आणि उडी मारताना ते हलवणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून टोपी. पळताना हात दिसायला हवेत, म्हणून शर्टाहून वेगळ्या रंगाची डंगरी. मारिओ असा अडचणींतून शिवलेला आहे. आज हवे तेवढे केस काढता येतात, तरी त्याची टोपी कुणी कायमची काढलेली नाही.

१९९६ च्या गेमचा नायक क्रॅश बँडिकूट ५१२ पॉलिगॉनांचा, म्हणजे तेवढ्या सपाट तुकड्यांनी जोडलेला, होता. त्याला मान नाही, कारण लहान पडद्यावर डोकं मोठं दिसायला हवं होतं. हातमोजे घातले ते हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून. पोटाकडचा रंग फिका ठेवला, म्हणजे गडी आपल्याकडे तोंड करून उभा आहे की पाठ करून, हे चटकन कळावं. पुढे ही मालिका दुसऱ्या स्टुडिओकडे गेली आणि २००७ च्या ‘क्रॅश ऑफ द टायटन्स’मध्ये हातमोजे काढून हातांवर गोंदण आलं. त्या वेळी अशा नक्षीची टूम होती, एवढंच त्याचं कारण असावं असं मला वाटतं. हातमोजे जे काम करत होते ते गोंदणाला जमत नाही. २०१७ च्या ‘एन. सेन ट्रिलजी’त हातमोजे परत आले.

‘मूळ डिझाइन’ म्हणायचं तरी कशाला?

हा प्रश्न लोक सगळ्यांत कमी विचारतात, आणि खरी गोम इथेच आहे.

प्रिन्सचंच घ्या. १९८९ च्या, अॅपल टू संगणकावरच्या आवृत्तीत आणि आपण खेळलो त्या डॉस आवृत्तीत तो पांढऱ्या कपड्यांत, उघड्या डोक्याचा, अनवाणी. त्या पांढऱ्याचंही कारण आहे. गेमचे निर्माते जॉर्डन मेकनर यांनी १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालायला लावून एका पार्किंगच्या जागेत धावताना-उड्या मारताना व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपलं होतं. मग जपानमध्ये पीसी-९८ संगणकासाठी हा गेम गेला तेव्हा तिथल्या कलाकारांनी त्याला फेटा आणि बंडी चढवली. तेच रूप १९९२ च्या मॅकिंटॉश आवृत्तीत आलं, आणि १९९३ च्या दुसऱ्या भागातही प्रिन्स फेटेवालाच आहे. म्हणजे अमेरिकेत मॅक घेऊन बसलेल्या मुलाचा ‘मूळ’ प्रिन्स फेट्याचा, आणि डोंबिवलीच्या क्लासमधल्या मुलाचा बोडक्या डोक्याचा. दोघेही शपथेवर सांगतील की आपलाच खरा.

‘टूम रेडर’ची नायिका लारा क्रॉफ्ट, तिची वेणी हे दुसरं उदाहरण. लाराला डोळ्यांपुढे आणा म्हटलं की पाठीवर लांब वेणी येते. पण १९९६ च्या पहिल्या गेममध्ये खेळताना तिच्या डोक्यावर अंबाडा आहे. वेणी होती ती अधल्यामधल्या चित्रफितींत आणि जाहिरातींत. प्रत्यक्ष खेळताना हलणारी वेणी १९९७ च्या दुसऱ्या भागात आली. आता पहिल्या गेमचा रिमेक करताना वेणी घालायची की अंबाडा? २००७ च्या रिमेकने वेणी निवडली. मला ते पटतं, कारण वेणी निर्मात्यांच्या मनात पहिल्यापासून होती, यंत्राला झेपली नव्हती एवढंच.

सॉनिक या निळ्या, काटेरी पात्राचीही दोन मूळ रूपं आहेत. १९९१ चा नाओतो ओशिमांचा गोलमटोल, काळ्या डोळ्यांचा. १९९८ च्या ‘सॉनिक अॅडव्हेंचर’साठी युजी उएकावांनी केलेला उंच, हिरव्या डोळ्यांचा. ज्याचा जन्म १९९५ चा, त्याला दुसराच मूळ वाटतो.

म्हणून काम सुरू करण्याआधी एक ओळ लिहून काढावी: आपण कोणत्या सालचं, कोणत्या यंत्रावरचं, आणि गेममधलं की खोक्यावरचं रूप मूळ धरतो आहोत. ही ओळ नसेल तर बैठकीत सहा जण सहा वेगवेगळ्या प्रिन्सबद्दल भांडत बसतात.

मग जपायचं काय आणि सोडायचं काय?

पहिली चाचणी जुनीच आहे. पात्र पूर्ण काळं करा, नुसती छाया ठेवा, आणि लांबून पाहा. ओळखू आलं तर निम्मं काम झालं. आपल्याला हे वेगळं शिकवायला नको. गणेशोत्सवात एखाद्या मंडळाचा बाप्पा बाहुबलीच्या थाटात धनुष्य ताणून उभा असतो, तरी सोंड आणि सुपाएवढे कान दिसले की लहान पोरही हात जोडतं. सोंड काढून पाहा, मग कितीही दागिने चढवले तरी उपयोग नाही. प्रत्येक जुन्या पात्राची अशी एक सोंड असते. सॉनिकचे मागे वळलेले काटे, ‘डेव्हिल मे क्राय’च्या दांतेचा लांब कोट आणि पाठीवरची तलवार, लाराच्या दोन्ही मांड्यांवरची पिस्तुलं.

दुसरी गोष्ट प्रमाणांची. अंग डोक्याच्या किती पट, हात किती मोठे, पाय किती आखूड. बटणं, पट्टे, शिवण यांत हवी तेवढी मोकळीक घ्यावी, पण प्रमाणाला हात लावताना दहादा विचार करावा. २००६ च्या ‘बाँबरमॅन: अॅक्ट झीरो’ने मोठ्या गोल डोक्याच्या गोंडस पांढऱ्या पात्राचा काळपट, चिलखती यंत्रमानव केला. छायाच बदलली, मग उरलं फक्त नाव. २०१७ चा ‘सुपर बाँबरमॅन आर’ मुकाट्याने गोल डोक्याकडे परत आला.

आता अपवाद सांगतो, नाहीतर हे नियमांचं पुस्तक वाटेल. २०१३ च्या ‘टूम रेडर’ने लाराची जवळजवळ सगळी ओळख उतरवली. आखूड चड्डीऐवजी लांब विजार, वेणीऐवजी साधी पोनीटेल, पिस्तुलांच्या जोडीऐवजी धनुष्य. छायेच्या चाचणीत ही लारा नापास होते. तरीही लोकांनी ती स्वीकारली. माझ्या मते कारण असं: तो गेम ती लारा ‘होण्याआधीची’ गोष्ट सांगतो, त्यामुळे काढून घेतलेली प्रत्येक वस्तू उधार ठेवल्यासारखी वाटते. शेवटच्या लढाईत क्षणभरच तिच्या दोन्ही हातांत पिस्तुलं येतात आणि ती उधारी चुकती होते. जुनं काढून घ्यायचं असेल तर ते परत कधी देणार, हे ठाऊक असावं.

चाल आणि हालचाल यांना डिझाइन म्हणायचं का?

मी तर आधी हालचालच म्हणेन. प्रिन्सच्या चेहऱ्याला डॉसवर मोजून चार-सहा ठिपके होते; नाक-डोळे कुणाला आठवत नाहीत. आठवतं ते त्याचं कड्याला लोंबकळणं, थांबताना पाय घसरत जाणं, उडीआधी अंग आवरून घेणं. ते सगळं डेव्हिडचं अंग आहे. मेकनर व्हिडिओ एकेक चित्रावर थांबवून पडद्याचे फोटो काढत, काळ्या मार्करने आकृती गडद करत, आणि मग ते संगणकात उतरवत. तलवारबाजीसाठी त्यांनी १९३८ च्या रॉबिन हुडच्या चित्रपटातलं द्वंद्व वापरलं. पात्राला वजन आलं ते या खटाटोपातून. गेममध्ये साठ मिनिटांची मुदत आणि नायक मात्र खऱ्या माणसासारखा सावकाश वळणारा. त्या जडपणातच निम्मी धडधड होती.

तिथलाच एक किस्सा सांगतोच. गेममध्ये आरशातून प्रिन्सची सावली बाहेर पडते आणि पुढे त्याला छळत राहते. अॅपल टूच्या स्मृतीत नव्या शत्रूची चित्रं मावत नव्हती. मग मेकनरनी प्रिन्सचीच चित्रं किंचित सरकवून त्यांच्यावरच अशी बसवली की झिलमिलणारी आकृती तयार झाली. एकही नवं चित्र नाही, आणि मालिकेतलं सगळ्यांत लक्षात राहिलेलं पात्र मिळालं. शेवटी त्या सावलीला मारता येत नाही; तलवार म्यान करून तिच्यात मिसळावं लागतं. कुणी रीबूट करताना या सावलीला वेगळं चिलखत आणि लाल डोळे दिले, तर गोष्टच मेली. ती प्रिन्ससारखी दिसते यातच तिचा अर्थ आहे.

म्हणूनच २००३ चा ‘सँड्स ऑफ टाइम’ यशस्वी झाला. त्यातला प्रिन्स ना पांढऱ्या कपड्यांतल्यासारखा दिसतो, ना फेटेवाल्यासारखा. पण तो भिंतीवरून धावतो, कड्यांना लोंबकळतो, सापळ्यांत तोल सावरतो, आणि पाहणाऱ्याला पटतं की घराणं तेच. मेकनर स्वतः त्या कामात होते, हेही विसरू नये.

उलटं उदाहरण पुन्हा क्रॅशचं. २०१७ च्या रिमेकमध्ये दिसणं अगदी जपलं होतं, पण जुने खेळाडू उड्या चुकून दरीत पडू लागले. स्टुडिओने नंतर स्पष्ट केलं की पात्राभोवतीचा अदृश्य टकरीचा आकार गोळीसारखा गोल असल्यामुळे कडेवर टेकलेला क्रॅश घसरतो, आणि उडीही मुख्यतः तिसऱ्या गेमवर बेतलेली आहे. डोळ्याला मूळ दिसलं, बोटांना मूळ लागलं नाही.

पुण्या-मुंबईत सुरू झालेल्या प्रिन्सच्या रिमेकवर एवढी टीका का झाली?

‘सँड्स ऑफ टाइम’च्या रिमेकची घोषणा सप्टेंबर २०२० मध्ये झाली. काम युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होतं. आपल्याकडे आनंद झाला, आणि तो रास्त होता. एवढ्या मोठ्या मालिकेची धुरा इथल्या लोकांकडे येणं ही साधी गोष्ट नव्हती. त्यात २००३ च्या गेमची सुरुवातच भारतातल्या एका महाराजाच्या महालावरच्या हल्ल्याने होते, आणि नायिका फराह ही त्या महाराजाची मुलगी.

ट्रेलर आला आणि लोकांनी प्रिन्सचा चेहरा धरला. दगडी वाटतो, जुन्या यंत्रावरचा वाटतो, निर्जीव वाटतो. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग तारीखच गेली, आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियल स्टुडिओकडे, म्हणजे मूळ गेम जिथे बनला तिथे, सोपवलं गेलं.

यावर ‘आपल्या लोकांना जमलं नाही’ असा शेरा मारणारे खूप भेटले. मला तो आळशीपणा वाटतो. २००३ च्या गेमवर दाट, धूसर उजेड पसरलेला होता, स्वप्नात दिसावं तसा. त्या उजेडाने चेहऱ्यांतल्या उणिवा झाकल्या आणि उरलेला चेहरा खेळणाऱ्याने मनाने भरून काढला. रिमेकमध्ये उजेड स्वच्छ झाला, तपशील वाढले, आणि मनाने भरायला जागा उरली नाही. अशा वेळी चेहरा नुसता ‘बरोबर’ असून भागत नाही. सतरा वर्षं लोकांच्या डोक्यात वाढलेल्या चेहऱ्याशी त्याची तुलना होते. जगातल्या कुठल्याही स्टुडिओला हे अवघड गेलं असतं. दुसरी बाजूही सांगतो: प्रिन्सच्या मूळ आवाजाचे कलाकार युरी लोवेन्थल यांना परत घेतलं होतं, आणि तो निर्णय उत्तम होता. ट्रेलर पाहताना डोळे मिटले की जुना प्रिन्स समोर उभा राहायचा.

त्याच गेममधली एक जपण्याजोगी गोष्ट फार कुणी बोलत नाही. प्रिन्सचे कपडे कथेबरोबर फाटत जातात. राजपुत्राच्या थाटात निघालेला माणूस शेवटी उघड्या अंगाने लढतो. पोशाख म्हणजे एक चित्र नसून क्रम आहे. रिमेक करणाऱ्याने तो क्रम जपावा, कापड कुठलं याची चिंता कमी करावी.

दांतेचे केस काळे केले तर एवढा गदारोळ कशाला?

केस हे निमित्त. २००१ च्या ‘डेव्हिल मे क्राय’चा दांते पांढऱ्या केसांचा, लाल कोटातला, मोठमोठे संवाद फेकणारा नाटकी गडी. २०१० मध्ये मालिकेची मालक कंपनी कॅपकॉमने जाहीर केलं की रीबूट इंग्लंडमधला निंजा थिअरी स्टुडिओ करणार, आणि समोर आला काळ्या आखूड केसांचा, सिगारेट ओढणारा, कृश तरुण. गंमत म्हणजे स्टुडिओने आधी जुन्याच्या जवळ जाणारी चित्रं केली होती. आणखी वेगळं करा, असा आग्रह कॅपकॉमचाच होता.

जानेवारी २०१३ मध्ये गेम आला. मारामारी झकास, समीक्षकांनी गुण चांगले दिले. पण सुरुवातीलाच एक प्रसंग आहे: दांतेच्या डोक्यावर पांढरा झुपका येऊन पडतो, तो आरशात बघतो आणि असलं कधीच नाही, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो. लेखकांना तो विनोद वाटला असेल. दहा-बारा वर्षं त्या पांढऱ्या केसांवर जीव टाकलेल्या माणसाला पाहुण्याने घरात येऊन आजोबांच्या फोटोची टिंगल करावी तसं झालं. वास्तविक गेमच्या शेवटाकडे त्याचे केस पांढरे होतातच! म्हणजे लाराच्या पिस्तुलांसारखी उधारी फेडायची सोय त्यांच्याकडेही होती. फरक एवढाच की इथे उधार घेताना आधी सावकाराला हसले.

मार्च २०१९ मध्ये ‘डेव्हिल मे क्राय ५’ आला आणि जुना दांते परतला, वयाने थोराड, दाढी वाढलेला, पण केस पांढरे. रीबूटवर देखरेख करणारे हिदेआकी इत्सुनोच त्याचे दिग्दर्शक होते.

जुना पोशाख आज खटकत असेल तर?

बदला, आणि बिनदिक्कत बदला. फक्त पात्राचा स्वभाव सांगणारं काय आणि त्या काळच्या कॅमेऱ्याची नजर काय, हे वेगळं करून घ्या. ‘रेसिडेंट ईव्हिल २’च्या २०१९ च्या रिमेकमध्ये क्लेअरची आखूड चड्डी जाऊन जीन्स आली. लाल जॅकेट राहिलं. मेलेल्या माणसांनी भरलेल्या शहरात मोटारसायकलवरून आलेली मुलगी जीन्स घालेल, हे उलट जास्त पटतं. ‘फायनल फँटसी सेव्हन’च्या २०२० च्या रिमेकमध्ये टीफाच्या पांढऱ्या बनियनखाली काळं आतलं वस्त्र आलं. लढणाऱ्या मुलीला शोभेल असं ते आहे, आणि खांद्यावरचे पट्टे, काळा स्कर्ट, लांब केस तसेच असल्यामुळे दुरून ती टीफाच दिसते.

रीमास्टरचा न्याय वेगळा. लाराच्या पहिल्या तीन गेमच्या २०२४ च्या संचात सुरुवातीला सूचना येते की यातलं काही चित्रण लोकांबद्दलच्या चुकीच्या, वंशभेदी समजुतींवर आधारलेलं आहे आणि ते जसंच्या तसं ठेवलं आहे. जतन करायला घेतलं असेल तर हा मार्ग मला प्रामाणिक वाटतो.

चाहत्यांचं ऐकावं की कानाडोळा करावा?

सगळे ज्याचं उदाहरण देतात ते सॉनिक प्रकरण गेमचं नसून चित्रपटाचं आहे, पण धडा आपल्या कामाचा. ३० एप्रिल २०१९ ला ट्रेलर आला. सॉनिकला माणसासारखे दात, लहान लहान डोळे, हातमोज्यांऐवजी पांढऱ्या केसांचे पंजे. दोन दिवसांत दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी बदल करू असं कबूल केलं. प्रदर्शन नोव्हेंबर २०१९ वरून फेब्रुवारी २०२० वर गेलं.

मजेशीर भाग पुढे आहे. नवं रूप घडवण्याची जबाबदारी टायसन हेस यांच्याकडे गेली. हे आधी सॉनिकचे कॉमिक्स काढणारे, २०१७ च्या ‘सॉनिक मेनिया’ची सुरुवातीची अॅनिमेशन फीत करणारे. म्हणजे बोंब लाखोंनी मारली, पण दुरुस्ती केली ती वर्षानुवर्षं ते काटे रेखाटणाऱ्या हाताने. मोठे डोळे, हातमोजे, लाल बूट. यादी लहानशीच होती. असा एक माणूस पहिल्याच दिवशी खोलीत असता तर अॅनिमेशनवाल्यांच्या रात्री वाचल्या असत्या.

गोंगाटातून एवढं मात्र गाळून घ्यावं: ‘आवडलं नाही’ आणि ‘ओळखू आलं नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली काही महिन्यांत विरते.

मूळ कलाकाराला परत बोलवावं का?

हयात असेल आणि यायला तयार असेल तर जरूर. लाराला जन्म देणारे टोबी गार्ड पहिल्या गेमनंतर बाहेर पडले होते. २००६ च्या ‘लेजंड’साठी ते परत आले आणि त्या लाराचं रूप त्यांच्याच देखरेखीत ठरलं. कलाकार कधीकधी स्वतःच्याच जुन्या कामावर नाराज असतो आणि सगळं पुसायला निघतो, तेवढं सांभाळावं.

मूळ चित्रं, फाइली काहीच सापडत नाही. आता?

हे नेहमीचं दुखणं आहे. गेम कंपन्यांनी जुनं सामान जपलं नाही. फ्लॉपी, टेप, कागद, सगळं स्टुडिओ बंद पडताना गेलं.

‘स्पायरो’च्या २०१८ च्या रिमेकच्या वेळी टॉइज फॉर बॉब स्टुडिओकडे मूळ फाइली नव्हत्या. त्यांनी जुना गेम चालवून त्यातून नकाशे, मापं, हालचालींचे आकडे टिपणारं साधन तयार केलं आणि त्याला नाव दिलं स्पायरोस्कोप. त्या आधाराने त्यांनी एक देखणी गोष्ट केली. १९९८ च्या गेममध्ये दगड झालेले ऐंशी ड्रॅगन सोडवायचे असतात, पण तेव्हा जागेअभावी मोजक्याच साच्यांतून ते पाडलेले होते. रिमेकमध्ये प्रत्येकाला स्वतःचं रूप मिळालं: कुणी स्वयंपाकी, कुणी चित्रकार, कुणी वाचनात दंग. हा बदल कुणालाच खुपला नाही, कारण मूळकर्त्यांना जे करायचं होतं पण परवडलं नव्हतं तेच पुढे नेलं.

मेकनर यांच्या बाबतीत नशिबाने हात दिला. ‘प्रिन्स’चा अॅपल टूवरचा मूळ प्रोग्राम हरवला असं धरून चाललेले असताना २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात डिस्कांची चळत सापडली. जुन्या संगणकांच्या जाणकारांनी त्या वाचून काढल्या आणि मेकनरनी तो प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला केला. तुमच्या घरातल्या माळ्यावर असं खोकं असेल तर दिवाळीच्या आवराआवरीत ते रद्दीवाल्याला देऊ नका.

जुनं आणि नवं दोन्ही ठेवता येईल का?

येतं, आणि हल्ली ते स्वस्तातलं शहाणपण ठरलं आहे. लाराच्या रीमास्टरमध्ये एक बटण दाबलं की खेळता खेळता जुनं चित्र येतं, पुन्हा दाबलं की नवं. ‘रेसिडेंट ईव्हिल २’ने मार्च २०१९ मध्ये लिऑन आणि क्लेअरची १९९८ ची टोकदार, ओबडधोबड रूपं फुकट दिली. ‘स्ट्रीट्स ऑफ रेज ४’मध्ये अॅक्सेल दाढीवाला, अंगाने सुटलेला झाला आहे (वय सगळ्यांचंच होतं), पण खेळत गेलात की पिक्सेलमधला तरुण अॅक्सेलही मिळतो. एक धोका मात्र आहे. जुना पोशाख पर्यायात ठेवलाय म्हणून मुख्य रूपाकडे दुर्लक्ष करायची सवय लागते.

पात्रच नवं आणलं तर सुटका होते का?

बऱ्याच अंशी. २०२४ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन’मध्ये आपण खेळतो तो प्रिन्स नाहीच, तो सार्गोन नावाचा योद्धा आहे आणि प्रिन्सला शोधायला निघाला आहे. नवा चेहरा, नवी वेणी, कुणाशी तुलनाच नाही. पण गेम पुन्हा बाजूने दिसणारा, सापळ्यांचा, नेमक्या उड्यांचा झाला. मला तो गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यांत ‘मूळ’ प्रिन्स वाटला, प्रिन्स नसूनही.

मी विद्यार्थी आहे. सरावासाठी एखाद्या जुन्या पात्राचं नवं रूप करायचंय. सुरुवात कुठून करू?

आधी तो गेम खेळा. व्हिडिओ पाहू नका, खेळा. जमल्यास जुन्या जाड टीव्हीवर, कारण त्या काळची चित्रं त्या पडद्यासाठी काढलेली असत. तिथे शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळून छटा तयार होत. आजच्या स्वच्छ पडद्यावर दिसणारे करकरीत चौकोन मूळ कलाकाराने तसे पाहिलेलेच नाहीत.

मग ते पात्र मूळ मापातच, तेवढ्याच ठिपक्यांत, स्वतः काढा. पंधरा-वीस ओळींत माणूस बसवताना तुम्हीही टोपी आणि मिशीकडेच वळाल, आणि मग मूळकर्त्याने काय का केलं ते हाताला कळेल. त्यानंतर मोठं चित्र. रंगाआधी छाया, उभ्या चित्राआधी धावतानाचं. पोर्टफोलिओत ठेवताना हे तुमचं सरावाचं काम आहे आणि पात्राचे हक्क कंपनीचे आहेत, हे स्वच्छ लिहा. त्याचे टी-शर्ट छापून विकायला जाऊ नका.

झालं की तो गेम लहानपणी खेळलेल्या कुणाला तरी गाठा. काका, मावशी, सोसायटीतला कुणीही. नाव न सांगता फक्त काळी छाया दाखवा, विचारा ‘हा कोण?’ आणि उत्तर यायला किती सेकंद लागले ते चित्राच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.